सोबत जाणाऱ्यांची नोंद



आपल्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर दर अंकात नावं असतात. जंगल जमिनीसाठी कोण जेलात गेलं, कोणावर केस टाकली, कोणाचे बैल आणि नांगर फॉरेस्टवाल्यांनी उचलून नेले, कोण धुळ्याच्या मोर्च्याला पायी आलं. पत्रक गावात पोचलं की आधी हेच पान उघडतं. वाचता न येणारा म्हाताराही नातवाला म्हणतो, माझं नाव कुठल्या ओळीत आहे ते दाखव, आणि मग त्यावर बोट ठेवून बसतो. शाई बोटाला लागते तरी काढत नाही.

या पानावर एका कामाची नावं येत नाहीत. एखाद्या बाईवर, पोरीवर जबरदस्ती झाली आणि तिच्या बाजूने जी माणसं उभी राहिली त्यांची. जी तिला दवाखान्यात घेऊन गेली, पोलीस ठाण्याच्या पायरीवर रात्रभर बसली, पंचांसमोर तिच्या वतीने बोलली, कोर्टात खरं ते सांगून आली. नावं न छापण्याला कारण आहे, ते पुढे सांगतो. पण नाव छापता येत नाही म्हणून कामाचीही आठवण ठेवायची नाही, हे बरोबर नाही. या अंकाचं संपादकीय आम्ही त्यांच्यावर लिहीत आहोत.

काही भाऊ विचारतील, जमिनीच्या पत्रकात हा विषय कशाला? त्यांनी जरा आठवून बघावं अशा गोष्टी कुठे होतात. सरपण आणायला गेलेली बाई, आणि वाटेत नाका. पहाटे अंधारात महू वेचायला गेलेली पोरगी. अतिक्रमणाच्या प्लॉटवर धाड पडली की पुरुष डोंगरात पळतात, कारण अटक त्यांना होते, आणि झोपडीत राहतात त्या बाया न् लेकरं. दिवाळीनंतर आपले कोयते गुजरातेत ऊसतोडीला जातात, तिथे पडावावर पालाला दार नसतं आणि रात्री कोण फिरतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाजारातून परत येताना शेवटची जीप. आश्रमशाळेची खोली. जिथे आपल्या माणसाचा अधिकार नाही, जिथे पोटासाठी दुसऱ्याच्या हाताखाली राहावं लागतं, तिथे हे जास्त होतं. जमिनीचा आणि याचा संबंध नाही असं कोणी म्हणू नये.

आणि हेही लिहिलं पाहिजे, की दर वेळी दुसराच असतो असं नाही. आपल्या पाड्यातला, आपल्या कुळातला, काकाचा पोरगा, बहिणीचा दीर असाही असतो. तेव्हा सोबत जाणाऱ्याचं काम दहापट जड होतं.

या कामाची आपल्या राज्यातली एक जुनी गोष्ट आहे. शहरातल्या बायांच्या संघटना ती सांगतात, शिबिरात आम्हीही ऐकली. पण तिचा पहिला अर्धा भाग लोक पटकन सांगून टाकतात, म्हणून तोच इथे सावकाश सांगतो.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, ज्याला वडसा म्हणतात. तेव्हा ते चांदा जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. आपल्यासारखीच एक आदिवासी पोरगी, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. वय चौदा ते सोळा. तिच्या भावाने काही तक्रार दिली म्हणून तिला आणि इतरांना ठाण्यात बोलावलं होतं. जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमाराला सगळे घरी निघाले, तेव्हा ड्युटीवरच्या दोघा पोलिसांनी पोरीला थांबवलं आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. त्या बाकीच्यांत तिचा भाऊ होता, आणि ज्या बाईच्या घरी ती कामाला जायची ती बाई होती. त्या बाईचं नाव कोर्टाच्या कागदात आहे, आम्ही ते इथे लिहीत नाही.

ही माणसं घरी गेली नाहीत. बाहेर थांबली. थोड्या वेळाने ठाण्यातला दिवा गेला, दार आतून लागलं. त्यांना शंका आली. ती इमारतीच्या मागे गेली. अंधार होता. त्या बाईने पोरीला नावाने मोठ्याने हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. तिने हाका मारल्या म्हणून आजूबाजूचे लोक जमले. एक पोलीस मागच्या बाजूने बाहेर आला आणि म्हणाला, पोरगी तर कधीच गेली. नंतर पोरगी बाहेर आली आणि तिने काय झालं ते सांगितलं. ती बाई तिला घेऊन डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाला, ठाण्यात जाऊन रिपोर्ट द्या. म्हणजे परत त्याच ठाण्यात. गेली ती माणसं परत. तोवर गर्दी वाढली होती. लोक म्हणत होते, त्या पोलिसाला आमच्या हातात द्या, नाहीतर ठाणं जाळतो. वरचा अंमलदार घरी गेला होता, त्याला घरून बोलावून आणलं. त्याने लोकांना समजावलं, आणि मग पोरीची फिर्याद लिहिली.

आता विचार करा. ती बाई घरी निघून गेली असती तर? पोलिसाने सांगितलं ते खरं धरून, पोरगी गेली असेल कुठेतरी, असं म्हटलं असतं तर? लोक आपापल्या दारातूनच बघत राहिले असते तर? ती फिर्याद कधी लिहिली गेली नसती. फिर्याद नसती तर केस नसती.

पुढची गोष्ट जास्त लोकांना माहीत आहे. १९७४ ला सेशन कोर्टाने दोघांना सोडलं. १९७६ ला नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली. १९७८ ला दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, म्हणजे तिची संमती होती. बाहेर तिच्यासाठी हाका मारणारे होते, आणि आत बंद दारामागे दोन पोलीस होते, पण तिचं गप्प राहणं ही संमती धरली. १९७९ च्या सप्टेंबरात कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार. यातल्या वसुधाताईंनी आपल्या अक्कलकुव्याकडे आदिवासींमध्ये जमिनीचं काम केलेलं आहे. १९८० च्या ८ मार्चला मुंबई, दिल्ली आणि इतर शहरांत बाया रस्त्यावर आल्या. १९८३ ला कायदा बदलला. पोलिसाने ठाण्यात किंवा सरकारी माणसाने आपल्या ताब्यातल्या बाईवर जबरदस्ती केली आणि संबंध झाल्याचं सिद्ध झालं, तर बाई कोर्टात 'माझी मर्जी नव्हती' असं म्हणाली की कोर्टाने तिची मर्जी नव्हती असंच धरायचं. हा बदल आज देशातल्या सगळ्या बायांना लागू आहे. एका आदिवासी पोरीमुळे.

त्या चौघांच्या पत्राबद्दल आम्हाला आदर आहे. पण ते पत्र साडेसात वर्षांनी आलं. त्या रात्री ठाण्याच्या मागे अंधारात जी हाक मारली गेली ती पहिली होती. कायद्याच्या पुस्तकात चौघांची नावं आहेत. हाक मारणारी बाई कोर्टाच्या निकालात फक्त साक्षीदार म्हणून आहे, आणि जमलेले लोक 'गर्दी' म्हणून.

आपल्या डोंगरातही अशी गर्दी आहे, अशा बाया आहेत. त्यांच्याबद्दल लिहिताना आम्ही गाव सांगत नाही, साल सांगत नाही, आणि एकदोन ठिकाणी गोष्ट थोडी फिरवून लिहिली आहे. ज्यांना ओळख पटेल त्यांनीही ती स्वतःजवळ ठेवावी.

एक दाई आहे. लिहिता वाचता येत नाही. पोरगी तिच्याकडे आली तेव्हा तिने आधी तिला काहीच विचारलं नाही. जवळ बसवलं, भाकर दिली. पण अंघोळ करू दिली नाही. पोरीच्या आईने अंगावरचे कपडे नदीवर धुवायला काढले होते ते हिने हातातून घेतले, सावलीत वाळवले, सिमेंटच्या पिशवीचा कागद होता त्यात गुंडाळून ठेवले. हे तिला कोणी शिकवलं होतं? विचारलं तर म्हणाली, खुनाच्या केसमध्ये पोलीस कपडे मागतात, मग यातही मागतील. रात्रीच डोंगर उतरून ती पोरीला आणि तिच्या आईला घेऊन दवाखान्याच्या गावी आली. तिथे सांगितलं, बाई डॉक्टर नाही, उद्या या. ती म्हणाली, उद्या येणार नाही, आज इथेच बसणार. आणि बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणी झाली. पुढे कोर्टात ते कपडे कामाला आले. ज्या आया दुःखात लगेच पोरीला अंघोळ घालतात त्यांना आम्ही दोष देत नाही. पण त्या दाईचं शहाणपण सगळ्या पाड्यांना माहीत असावं.

एक नवरा आहे. बायकोबरोबर वाईट झालं तेव्हा त्याच्या भाऊबंदांनी सांगितलं, हिला बापाकडे पाठव, दिलेलं देज परत घे, दुसरी आण. तो म्हणाला, माझ्या शेतात चोर शिरला तर मी शेत सोडतो का? आम्हाला ही तुलना फारशी आवडत नाही, बाई काही शेत नाही. पण त्याच्या तोंडात त्या वेळी जे शब्द होते ते त्याने वापरले, आणि त्याच्या पुढे कोणाला बोलता आलं नाही. तो दर तारखेला बायकोसोबत गेला. मोठं भाषण त्याने कधी केलं नाही. सभेतही मागे बसतो.

एक आश्रमशाळेतली स्वयंपाकीण होती, रोजंदारीवर. एक पोरगी जेवत नव्हती ते तिला दिसलं. मास्तरांना दिसलं नाही, हजेरी घेणाऱ्याला दिसलं नाही, ताट वाढणारीला दिसलं. तिने पोरीला चुलीपाशी बसवून विचारलं, आणि रविवारी स्वतः चालत जाऊन तिच्या आईबापाला सांगितलं. पुढच्या महिन्यात तिला कामावरून कमी केलं. कारण काय लिहिलं? धान्यात घट.

आणि एक जवान पोरगा आहे, आमच्याच वयाचा. आरोपी त्याचा चुलतभाऊ. याने डोळ्याने बघितलं होतं. घरातून दडपण, मामाकडून दडपण, रात्री कोणीतरी याच्या प्लॉटचा बांध फोडला, उभी ज्वारी वाहून गेली. तरी तो कोर्टात उभा राहिला आणि जे बघितलं ते सांगितलं. पण त्याला किती दिवस लागले ते मोजू. केस चार वर्षं चालली. त्याला ११ वेळा बोलावलं. त्यातल्या ९ वेळा नुसती पुढची तारीख मिळाली, वकील नाही, साहेब रजेवर, आरोपी आजारी. डोंगरातून धुळ्याला एक दिवस जायला, एक दिवस कोर्टात, एक दिवस परत यायला. ११ तारखांचे ३३ दिवस. हे ३३ दिवस कोणाच्या मजुरीतून गेले? त्याच्याच. त्यातली एक तारीख पेरणीच्या आठवड्यात आली होती.

साक्षीदार फुटला की आपण बोटं मोडतो. पैसे खाल्ले म्हणतो. काही खातातही. पण पुष्कळ साक्षीदार पैशाने फुटत नाहीत, थकून फुटतात.

बाईने मदत केली तर आणखी एक वार तिच्यावर होतो. तिला डाकीण म्हणतात. पाड्यात कोणाची गाय मेली, लेकरू तापलं, की बोट तिच्याकडे. ही गोष्ट आपण सगळे जाणतो, पण नेमका माग काढत नाही. मागच्या काही वर्षांत कोणाकोणाला डाकीण ठरवलं ते आठवा. त्यातली कोण एकटी विधवा आहे, कोणाच्या जमिनीवर दिराचा डोळा आहे, आणि कोणी पंचांच्या विरुद्ध तोंड उघडलं होतं, ते बघा. मग कळेल डाकीण कशी तयार होते.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. राजस्थानात जयपूरजवळ भटेरी गावात भंवरीदेवी आहेत. कुंभार समाजाच्या. सरकारच्याच महिला विकासाच्या कामात त्या 'साथिन' होत्या. १९९२ ला सरकारी काम म्हणून त्यांनी गावातल्या मोठ्या लोकांच्या घरातलं एका तान्ह्या पोरीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरात शेतात त्यांच्यावर अत्याचार झाला, नवऱ्याला मारून बाजूला धरून ठेवलं. डॉक्टरी तपासणीला दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ लावला. गावाने त्यांची मडकी घेणं बंद केलं, दूध देणं बंद केलं. १९९५ च्या नोव्हेंबरात जयपूरच्या कोर्टाने आरोपींना अत्याचाराच्या गुन्ह्यातून सोडलं. त्यांचं नाव आम्ही लिहितो, कारण त्यांनी स्वतःच नाव आणि तोंड न लपवता लढायचं ठरवलं. पण भंवरीदेवींच्या आजूबाजूला कोण उभं राहिलं? त्यांचा नवरा. दुसऱ्या गावांतल्या साथिन बाया, ज्यांना स्वतःलाही तेच काम करायचं होतं आणि त्याच वाटांनी एकटीने जायचं होतं. जयपूरच्या संघटनांच्या बाया. निकालानंतर मोर्चा निघाला तो या बायांनी काढला.

आता आपल्या पंचांबद्दल. जातपंचायतीबद्दल बाहेरचे लोक वाईट बोलतात तेव्हा आम्हाला राग येतो, कारण जमिनीचे, वाटणीचे, जनावरांचे किती तंटे आपले पंच एका बैठकीत मिटवतात, त्यासाठी कोर्टात वीस वर्षं गेली असती. पण या एका बाबतीत पंचांची रीत चुकीची आहे, आणि ते आपल्याच माणसांनी म्हणायला पाहिजे. बाईवर जबरदस्ती झाली की पंच त्याला झगडा म्हणतात. झगडा कोणाकोणात? बाईच्या बापात आणि त्या माणसाच्या बापात. दंड ठरतो, तो बापाला नाहीतर नवऱ्याला मिळतो. बोकड कापतात, महूची दारू येते, सगळे बसून पितात, झगडा तुटला. ती पोरगी त्या वेळी कुठे असते? पाणी भरत असते, जेवण करणाऱ्यांसाठी. तिला कोणी विचारलं नाही. आणि तिच्या बाजूने जी बाई बोलली तिला म्हणतात, झगडा तुटला, आता तू कशाला उकरतेस.

बाहेरचे लोक वर म्हणतात, आदिवासींत हे चालतंच, त्यांची पोरं भोंगऱ्यात पळूनच जातात. आपल्यात पोरगी आपल्या पसंतीने जाते, ही आपली चांगली रीत आहे. पसंती विचारली जाते म्हणूनच तर जबरदस्ती काय असते ते आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पसंतीची रीत सांगून जबरदस्ती झाकणारा माणूस आपल्या रीतीचाही अपमान करतो. शहाद्याकडे १९७२-७३ मध्ये आपल्याच आयाबायांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्या काही शहरातून आल्या नव्हत्या.

आता नावांचा प्रश्न. १९८३ च्या कायद्याने बलात्कार झालेल्या बाईची ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाईने स्वतः लेखी परवानगी दिली तरच छापता येतं. आपलं सायक्लोस्टाईलचं पत्रक म्हणजेही छापणंच. आणि आपली गावं चाळीस घरांची. सोबत गेलेल्या बाईचं नाव लिहिलं की ती कोणासोबत गेली ते लगेच कळतं. म्हणून ती नावं शेवटच्या पानावर येणार नाहीत. मेळाव्यात स्टेजवर बोलावून शाल-नारळ देणंही नको. याबद्दल कमिटीत दोन मतं होती. काही साथी म्हणाले, सत्कार केला तर बाकीच्यांना हिंमत येईल. पण त्याच बैठकीत एक म्हातारी बाई होती, ती म्हणाली, शालीला बघून सासू विचारेल, कशाची मिळाली? त्यानंतर तो विषय बंद झाला.

मग काय करायचं? इथे सरकारचा एक कागद आपल्यापेक्षा पुढे आहे, हे सांगायला आम्हाला जरा जड जातं, पण खरं आहे. १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा आहे, त्याचे नियम १९९५ ला आले. त्यातल्या ११ व्या नियमात लिहिलं आहे की अत्याचार झालेल्या व्यक्तीला आणि साक्षीदारांना तपासासाठी, कोर्टासाठी जाण्यायेण्याचं भाडं मिळालं पाहिजे. जितके दिवस घराबाहेर राहावं लागेल त्या दिवसांचा खर्च शेतमजुराच्या किमान मजुरीपेक्षा कमी नसावा. आणि बाई असेल तर तिला आपल्या मर्जीचं एक माणूस सोबत न्यायचा हक्क आहे, आणि त्या सोबतच्या माणसालाही भाडं आणि खर्च मिळाला पाहिजे. बघा, कायद्याने सोबतिणीची जागा धरली आहे. तिच्या दिवसाची किंमत धरली आहे. ज्या ज्या केसमध्ये आरोपी आदिवासी किंवा दलित नाही आणि हा कायदा लागला आहे, तिथे हे पैसे मागायचेच. अर्ज कलेक्टर किंवा प्रांत साहेबांच्या नावाने करायचा. बसची तिकिटं फेकायची नाहीत. तारखेला कोर्टात हजर होतो याचा दाखला लिहून मागायचा.

पण आरोपी आपल्याच समाजाचा असेल तर हा कायदा लागत नाही, आणि ते पैसेही नाहीत. तिथे संघटनेने उभं राहायचं. संघटनेच्या फंडातून रोख पैसे द्यावेत असं काहींचं म्हणणं होतं. आमच्या वकिलांनी सांगितलं, तसं करू नका. आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल, संघटनेने तुला किती दिले? मग खरं बोलणारा साक्षीदारही विकतचा ठरेल. हे आम्हाला पटलं.

म्हणून आपली जुनी रीतच बरी. लाह. घर बांधायला, शेत निंदायला आपण लाह बोलावतो, सगळा पाडा येतो, कोणी मजुरी मागत नाही. तसंच इथे करायचं. जो साक्षीला गेला, जी सोबत गेली, तिच्या शेतातलं त्या दिवसांचं काम पाड्याने करून द्यायचं. पेरणीच्या आठवड्यात तारीख आली तर परत येईपर्यंत तिची पेरणी झालेली असावी. बांध फोडला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बांध घालायचा, आणि तो दिवसाढवळ्या घालायचा, म्हणजे फोडणाऱ्याला दिसेल. याला पैसे लागत नाहीत आणि कोर्टातही कोणी बोट ठेवू शकत नाही. तालुका कमिटीत हे ठरलं आहे. पुढच्या हंगामापासून ज्या गावात युनिट आहे तिथे हे युनिटच्या लोकांनी करायचं. कशासाठी, ते मोठ्याने बोलायची गरज नाही. लाह कशासाठी आहे ते पाड्याला कळतं.

सोबत जाणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, रागावू नका. सोबत जाणं म्हणजे तिच्या जागी बोलणं नाही. केस करायची की नाही, कोणाला सांगायचं, कधी थांबायचं, हे तिने ठरवायचं. पोरगी लहान असेल तर तिच्या आईबापाशी बोलून, पण तिलाही विचारून. काही कार्यकर्ते एका पोरीची गोष्ट दहा सभांत सांगतात, नाव सांगत नाहीत पण बाकी सगळं सांगतात. ती पोरगी सभेत मागे बसलेली असते. हे बंद झालं पाहिजे. दुसरं, ठाण्यात गेल्यावर फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणायचं. बाईला जबाबासाठी पुन्हा पुन्हा ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी येऊन जबाब घ्यायचा असतो. शिकलेली पोरं गावात आहेत, त्यांनी या कामाला जावं. बारावी होऊन नाक्यावर पान खात बसण्यापेक्षा.

आणि आरोपी संघटनेचा माणूस असला, कितीही जुना, कितीही वेळा जेलात गेलेला, तरी हाच नियम. त्याच्या जमिनीच्या केसमध्ये संघटना जमिनीपुरती उभी राहील. या केसमध्ये बाईसोबत उभी राहील. हे मागच्या बैठकीत मताला टाकलं होतं. काही हात खाली राहिले, पण ठराव पास झाला.

जमिनीचा दावा करताना आपल्याला पुरावा काय लागला होता? ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसतो याचा. सरकारी कागद आपल्याकडे नव्हता. मग आपल्या बापांनी कुडात खोचून ठेवलेल्या फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या बाहेर आल्या. ज्या पावतीने दंड केला तीच पावती हक्काचा पुरावा झाली. ज्यांनी पावती फाडून फेकली त्यांना किती फिरावं लागलं ते त्यांना विचारा. तसंच या कामाचं आहे. तारखांची नोटीस, बसचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, कामावरून कमी केल्याचा कागद, सगळं ठेवायचं.

त्यासाठी प्रत्येक गावाच्या युनिटने एक वेगळी वही करायची आहे. जमिनीच्या वहीत हे लिहायचं नाही. ही वही बायांच्या मंडळाकडे राहील, कारभाऱ्याकडे नाही, पोलीस पाटलाकडे नाही. तिच्यात बाईचं नाव लिहायचं नाही, काय झालं तेही लिहायचं नाही. फक्त सोबत कोण गेलं, कुठल्या तारखेला, कुठे, किती दिवस, आणि त्याच्या बदल्यात पाड्याने कुठलं काम करून दिलं. सोबत जाणारीने नाव नको म्हटलं तर तिचा अंगठाही घ्यायचा नाही, नुसते दिवस लिहायचे. मागची कामंही आठवून लिहा, दहा वर्षांपूर्वीची असली तरी चालतील. त्या स्वयंपाकिणीचं आणि त्या जवान पोराचं काम आम्ही आमच्या युनिटच्या वहीत लिहिलं आहे, आणि पोराच्या ३३ दिवसांचं देणं पाड्याने या पावसाळ्यात निंदणीपासून फेडायला सुरुवात केली आहे. आजवर ९ दिवस फिटले.

वह्या तालुक्याच्या कार्यालयात आणून ठेवल्या आहेत. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बायांनी घेऊन जाव्यात, पुरुषांच्या हाती देणार नाही. देवमोगऱ्याच्या जत्रेआधी बायांच्या मंडळांची बैठक आहे, तारीख आतल्या पानावर दिली आहे. त्या बैठकीला येताना वही सोबत आणावी, आणि रात्री मुक्कामाची तयारी ठेवावी. पांघरूण आपलं आपण आणायचं, जेवण कार्यालयात आहे.